फाइल लावून देणाऱ्या मॅडमना जाहीर आभार

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

जर्मनीतल्या चार आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासक्रमाचं कौतुक होतं ते तिथल्या फोटोंवरून. त्यामागची फाइल कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय कक्षात बसून तुम्ही लावलीत, म्हणून हे पत्र.

पहिली अडचण वेळेची. तिकडे हे वर्ग जुलै-ऑगस्टात भरतात आणि पुण्यात तेव्हा नवं सत्र सुरू झालेलं असतं. निवडपत्र येताच हजेरीची सवलत आणि क्रेडिटची मान्यता विभागप्रमुखांकडून लेखी घ्यायला लावणाऱ्या तुम्हीच. तिकडचं एक ईसीटीएस क्रेडिट (युरोपातल्या विद्यापीठांचं सामायिक एकक) म्हणजे २५ ते ३० तासांचं काम, घरचा अभ्यास धरून. हा हिशेब आधीच कागदावर असला की परतल्यावर वाद होत नाही. मात्र नुसतं हजेरीचं प्रमाणपत्र पुरत नाही, परीक्षा देऊन गुणपत्रक आणावं लागतं.

खरी मेहनत व्हिसाची. शेंगेनचा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण ते ४५ पर्यंतही जाऊ शकतात. म्हणून शेवटच्या तारखेचं नावसुद्धा तुम्ही काढू दिलं नाहीत.

तुमची तपासणी एकाच गोष्टीवर बेतलेली: प्रत्येक कागदावर तेच नाव, त्याच तारखा. आपल्या गुणपत्रिकेत आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव. पासपोर्टात रचना वेगळी. म्हणून बोनाफाईड पासपोर्टाबरहुकूम. विमा किमान ३०,००० युरोंचा, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा आणि परतीच्या दिवसापर्यंतचा. वर्ग शुक्रवारी संपून विमान रविवारी असेल, तर मधले दोन दिवस उघडे राहतात. बँकेच्या विवरणात अर्जाच्या तोंडावर अचानक मोठी रक्कम दिसली की ती कुठून आली हा प्रश्न येणारच, तेव्हा पालकांचं हमीपत्र आणि आयकर विवरणपत्र सोबत. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला, दोन पानं कोरी.

व्हिसा लागल्यावरही तो नीट वाचायला तुम्ही शिकवलंत, आणि हे कोणी सांगत नाही. 'पासून-पर्यंत' या तारखा म्हणजे मुक्काम नव्हे. मुक्काम 'दिवस' या रकान्यात असतो, आणि पोचण्याचा व निघण्याचा दिवस दोन्ही त्यात धरतात. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर प्राग, व्हिएन्ना, झुरिक खुशाल. शेंगेनबाहेरच्या लंडनला गेलात की परत आत येता येत नाही, शिवाय तिथला व्हिसा वेगळा.

घरच्यांची समजूत घालण्याचं कामही तुमच्याच गळ्यात पडलं. तूप, पेढे, खव्याच्या बर्फ्या बॅगेत नकोत. युरोपीय संघाबाहेरचे दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. बाकरवडी चालते, हे ऐकल्यावर आयांचे चेहरे जरा सैलावले. पॉवर बँक हातातल्याच बॅगेत.

एक दुरुस्ती तेवढी तुमच्या छापील यादीत करा. तिथे व्हिसाचं शुल्क अजून ८० युरो लिहिलं आहे. ११ जून २०२४ पासून ते ९० युरो झालं आहे.

आपले कृतज्ञ,
उन्हाळी अभ्यासक्रमाचे विद्यार्थी, पुणे