पाटल्या मोडू नकोस, आई

फोंडा, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन करता आला असता. पण भाई घरात असला की तुम्ही दोघं मोकळेपणी बोलत नाही, आणि आई रडायला लागली की मला पुढचं काही सुचत नाही. म्हणून लिहायला बसले. वहिनी उद्या मुलांना घेऊन घरी येते आहे, तिच्याच हाती हे पाठवते. बाबा, तुम्ही आधी एकटे वाचणार, मग चष्मा पुसून पुन्हा वाचणार, हे मला माहीत आहे. दुसऱ्यांदा वाचाल ते आईला ऐकू जाईल असं वाचा.

बुधवारी पहाटे साडेपाचला भाईचा फोन आला. मला वाटलं रात्रीची उतरली नसेल. पण आवाज स्वच्छ होता. म्हणाला, "बाय, मला कुठं तरी घेऊन चल. गणेशचवथीसारखं परत नको." एवढं बोलून त्याने ठेवून दिला. इतक्या वर्षांत "मला घेऊन चल" हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

आणि त्याच दुपारी वहिनीकडून कळलं की आई पाटल्या घेऊन सोनाराकडे निघाली होती, पेपरात जाहिरात आलेल्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात आगाऊ पैसे भरायला. आई, पाटल्या मोडू नकोस. त्या मोडून भाई बरा होणार असता तर मीच तुझा हात धरून सोनाराकडे नेलं असतं.

त्या केंद्राला मी फोन केला. विचारलं, तुमच्याकडे मानसोपचाराचे डॉक्टर रोज असतात का, सरकारी नोंदणीचा कागद दाखवाल का, मी येऊन खोल्या बघू का. उत्तर एकच: पैसे भरा, आमची माणसं गाडी घेऊन येतील आणि उचलून नेतील, तीन महिने भेट नाही, दारू सुटण्याची गॅरंटी. माझ्या पोटात गोळा आला. बाबा, दारूच्या आजाराची गॅरंटी कुठलाच खरा डॉक्टर देत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार धरलेले आहेत. त्या कायद्याने असं केंद्र नोंदणीकृत असावं लागतं, आणि रुग्णाला साखळीने बांधणं कुठल्याही प्रकारे चालत नाही. माणूस स्वतः तयार नसेल तरी दाखल करायची वाट कायद्यात आहे, पण त्याला तपासून तसं सांगणारे तज्ज्ञ लागतात आणि त्याची पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. चार धटिंगण आणि एक गाडी ही ती वाट नव्हे. आणि भाई तर आपण होऊन यायला तयार आहे.

आता चवथीचं लिहिते, कारण आपण तिघांनी तेव्हा एक मोठी चूक केली आणि त्याबद्दल आजवर एकमेकांशी बोललो नाही.

सांखळीच्या दत्ताला नेऊन त्याच्याकडून शपथ घेतली, बाटल्या फोडल्या, बाबांनी त्याला माडीवरच्या खोलीत ठेवून कडी लावली. सगळं मायेनेच केलं. पहिल्या दिवशी घामाने अंथरूण भिजलं. दुसऱ्या दिवशी गणपतीवरच्या फळांच्या माटोळीला कांगलां बांधायला त्याला खाली आणलं, तर हाताला इतका कंप की सुंभाची गाठ बसेना. दरवर्षी माटोळी तोच बांधायचा. त्याने गाठ तीनदा मारली, तीनदा सुटली, आणि तो माझ्याकडे बघून हसला. त्या संध्याकाळी त्याला फिटचा झटका आला. तिसऱ्या रात्री तो चादरीवरून मुंग्या वेचत होता. एकही मुंगी नव्हती. एक एक उचलून तो माझ्या तळहातावर ठेवत होता आणि "धर, पडतील" म्हणत होता. आई म्हणाली, बाहेरचं काही लागलंय.

बाहेरचं काही नव्हतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली की मेंदू असा खवळतो. झटके बहुधा पहिल्या दोन दिवसांत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर भास होतात, ताप चढतो, माणूस ओळख विसरतो, आणि उपचार मिळाले नाहीत तर जीवही जातो. १०८ची गाडी वेळेवर आली म्हणून आपला भाई आज आहे. हॉस्पिटलात आधी बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन दिलं, मग सलाईन, मग शांत करणाऱ्या गोळ्या, आणि त्या रोज थोड्या थोड्या कमी केल्या. पाच दिवसांत तो ताळ्यावर आला. आपण घरी आणला, मुंग्या गेल्या म्हणजे आजार गेला असं धरून चाललो, पुढच्या तारखेला कुणी गेलं नाही. दिवाळीच्या आत तो पुन्हा प्यायला लागला. यात त्याच्याइतकाच आपला वाटा आहे.

शुक्रवारी मी रजा टाकून बांबोळीला जाऊन आले. गोवा मेडिकल कॉलेजजवळची ती मानसोपचार संस्था, जिचं नाव घेतलं की आपल्याकडे लोक आवाज खाली करतात. मीही दारात दोन मिनिटं थांबले, ओढणी डोक्यावर घेऊ का म्हणून. आत गेल्यावर बाकावर कोण होतं? एक शाळामास्तर वाटावेत असे गृहस्थ, एक कॉलेजचा मुलगा आणि त्याची आई, कुडचड्याची एक बाई नवऱ्याचे रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन. आपल्यासारखीच माणसं. व्यसनमुक्तीचे उपचार तिथे सरकारी आहेत. डॉक्टरबाईंनी चवथीचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, आता रोज किती पितो, सकाळी उठल्या उठल्या लागते का, याआधी झटका कधी आला. म्हणाल्या, एकदा झटका आणि भास झालेल्या माणसाची दारू घरी तोडायची नाही, त्याला इथेच आणा.

म्हणून बाबा, आता जे सांगते ते तुम्हाला सगळ्यात जड जाणार आहे. गुरुवारी मी येईपर्यंत त्याची बाटली काढून घेऊ नका. कडी लावू नका, शपथ घालू नका. तुम्ही आयुष्यभर शाळेत मुलांना वळण लावलंत, तुमच्या डोळ्यांदेखत मुलगा पितोय आणि गप्प बसायचं, हे मी तुमच्याकडे मागते आहे. स्कूटरची चावी मात्र तुमच्या खिशात ठेवा. रोज दोन वेळा पोटात अन्न जाऊ दे. हात फार कापायला लागले, असंबद्ध बोलू लागला, झटका आला, तर माझी वाट बघू नका, १०८ लावा.

आणि आई, आमटीतली पुडी बंद कर. मला माहीत आहे तू ती कुठून आणलीस. "न सांगता दारू सोडवा" असं भिंतीवर रंगवणारे त्यात काय घालतात, ते कुणी सांगत नाही. दारू न सोसणारी गोळी डॉक्टरही देतात, डायसल्फिराम तिचं नाव, पण ती माणसाला सांगून, त्याच्या संमतीने, रक्त तपासून. ती पोटात असताना वरून दारू पडली तर तोंड लाल होतं, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, जीवावर बेततं. तू मायेने घातलेल्या पुडीने त्याला काही झालं तर तू जगू शकणार नाहीस.

पैशाचं बोलू. बांबोळीच्या उपचाराला पाटल्यांचे पैसे लागणार नाहीत. पैसे लागणार आहेत ते पुढे. त्याचा पगार महिना-दीड महिना बुडेल. तारखांना वाळपईहून बांबोळी जाऊन येऊन दिवस मोडतो आणि दोघांचं भाडं. ओढ कमी करणाऱ्या गोळ्या कधी बाहेरून घ्याव्या लागतील. मुलांची फी थांबणार नाही. हे वर्षभर पुरवायचं आहे, आणि घरोघरी चूक होते ती इथेच. पहिल्या महिन्यात लाख ओततात आणि चौथ्या महिन्यात बसभाडं नाही म्हणून तारीख चुकवतात. मी दर महिन्याला तीन हजार देते, घरी बोलून ठरवलं आहे. वहिनी तिच्या शिलाईतून फी बघेल. बाबा, तुमच्या पेन्शनीतून फक्त येण्याजाण्याचं बघा.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड शोधून ठेवा. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचं आणि चौघांच्या किंवा त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण त्यात आहे, पण ते ठरलेल्या उपचारांच्या यादीप्रमाणे चालतं. त्यामुळे कार्ड आहे म्हणजे सगळं फुकट असं धरू नका. दाखल होण्याआधी खिडकीवर मी विचारून घेईन. वहिनीने काढलेली मेडिक्लेम मी पानन् पान वाचली. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात आहेच: दारू आणि व्यसनाचे उपचार वगळून. आणि २०१७चाच कायदा म्हणतो की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्या. हे दोन्ही एकाच देशात कसं चालतं याचा मला संताप येतो. क्लेम नाकारला तर नकार लेखी मागून विमा लोकपालाकडे जाता येतं आणि मी जाईन, पण त्या पैशावर आज विसंबू नका.

बाबा, तुम्ही मुक्तांगणचं नाव काढलंत, ते मनापासून पटलं. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं ते व्यसनमुक्तीचं काम मराठी माणसाला सांगायला नको. बांबोळीनंतर डॉक्टर म्हणाले तर तिथेही नेऊ. पण चोर्ला घाट ओलांडून पुण्याला एकदा जाणं वेगळं आणि दर महिन्याला तारखेला जाणं वेगळं. पहिलं दार जवळचं असावं, असं मला वाटतं.

तुम्ही म्हणता, नुसतं बोलून काय होणार. आपल्या गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर एक अभ्यास झाला, तो २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर नसलेल्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी त्यांच्याशी चार-दोन बैठकी बोलणं केलं. तीन महिन्यांनी बोलणं मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. भाईइतक्या पुढे गेलेल्यांवरचा तो अभ्यास नव्हता. तरी माणसाला ऐकून घेणारं कुणी मिळालं की फरक पडतो, एवढं त्यातून कळतं. तसंच अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं. दारू सोडू पाहणाऱ्यांचाच तो गट. गोव्यात त्यांच्या सभा होतात, फी नसते. चर्चच्या हॉलात भरली म्हणून बिचकू नका, धर्म विचारत नाहीत. घरच्यांसाठी अल्-अ‍ॅनॉन आहे. आई, तिथे तुला मी नेणार आहे. बारा वर्षं तू कुणाशी बोलली नाहीस.

शेजारी काय म्हणतील, हे मी ऐकणार नाही. केंद्र सरकारच्या २०१९च्या पाहणीत देशात १० ते ७५ वयाचे १४.६ टक्के लोक दारू पितात असं निघालं, गोव्यात सुमारे २८ टक्के. आणि दारूवाचून चालत नाही अशा ३८ जणांमागे एकालाच काही उपचार मिळतात. काजूच्या हंगामात गावभर काजूच्या दारूचा, हुर्राकचा वास असतो, तेव्हा कुणाला लाज वाटत नाही. हॉस्पिटलात जायला का वाटावी?

रात्री-अपरात्री घाबरलात तर १४४४६ लावा, व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. मन फार खचलं तर १४४१६. दोन्ही फुकट. नंबर वहीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून फोनजवळ ठेवा.

एक शेवटचं. पैसे कमीच पडले तर अंगणातला ट्रक विकू. २०१२त खाण बंद पडली तेव्हा तो उभा राहिला, मध्ये थोडा चालला, २०१८पासून फणसाखाली गंजतोय. हप्ते तुम्ही फेडलेत बाबा, आणि भाईची उमेद परत येईल म्हणून तो विकू दिला नाहीत. पण तो रोज सकाळी पायरीवर बसून त्याच्याकडेच बघत असतो आणि मग उठून जातो. मी गुरुवारी त्यालाच विचारेन. ट्रक त्याचा आहे, हो-नाही त्याने म्हणावं.

गुरुवारी पहिल्या गाडीने येते. आधार, मतदार ओळखपत्र, दीनदयाळचं कार्ड, चवथीच्या वेळचे हॉस्पिटलचे कागद आणि आता चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घालून ठेवा. दोन लुंग्या, टॉवेल, दात घासायचा ब्रश. एक कोरा कागदही ठेवा. त्याच्या वतीने डॉक्टरांशी कुणी बोलायचं ते त्याला साध्या कागदावर लिहून सही करता येते, कायद्यात तशी सोय आहे. तो वहिनीचं नाव लिहील असं मला वाटतं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

बाबा, तुम्ही गाडीत त्याच्या शेजारी बसा. उपदेश करू नका, नुसते बसा. आणि आई, तू पाटल्या हातात घालून ये.

तुमची,
बाय