फिर्याद वेळेत लिहून घ्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

अत्याचाराची बातमी आली की सकाळी बागेतल्या बाकावर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘द्या लोकांच्या ताब्यात, कोर्टकचेरी कशाला?’ आणि आम्ही नागपूरकर लगेच कस्तुरबानगरचा दाखला देतो. १३ ऑगस्ट २००४ ला त्या वस्तीतल्या बायकांनी तिखट, दगड आणि सुऱ्या घेऊन अक्कू यादवला जिल्हा न्यायालयातच संपवलं. खून, खंडणी, बलात्कार. दहा वर्षांहून अधिक काळ त्याने वस्तीला छळलं होतं. तक्रार द्यायला गेलेल्या बाईचं नाव त्याच्यापर्यंत पोचायचं, असं तिथल्या बायकाच सांगत. २०१४ मध्ये पुराव्याअभावी या खटल्यातले आरोपी सुटले.

ती बातमी वाचून मलाही बरं वाटलं होतं. कायद्याच्या भाषेत तो खूनच, पण त्या बायकांना खुनी म्हणायला माझी जीभ आजही रेटत नाही.

तरीही त्यांचा दाखला देणं मी सोडलं, ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याच्या घटनेनंतर. १ जुलै २०१८, साक्री तालुका, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथे आले होते, बहुतेक मंगळवेढ्याकडचे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठेचून मारलं. २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. मारणाऱ्यांनाही वाटत असणार की आपण लेकरं वाचवतोय! ‘तुम्ही कुठले, कशाला आलात,’ एवढं विचारून उत्तर ऐकून घेणारं त्या खोलीत कुणी नव्हतं. कोर्टात निदान तेवढं तरी विचारलं जातं, आरोपीच्या बाजूने बोलायला वकील असतो. ज्याला आपण वेळकाढूपणा म्हणतो, त्यातला बराचसा वेळ याच कामात जातो.

मात्र कोर्टावर विश्वास ठेवा असं सांगून भागत नाही, कारण प्रकरण कोर्टापर्यंत पोचतच नाही. माझ्या शेजारणीच्या मुलीचा पाठलाग होत होता तेव्हा मी तिच्यासोबत पोलीस ठाण्यात गेले होते. ‘साधा अर्ज द्या, बघतो,’ यापलीकडे उत्तर मिळालं नाही. बदलापुरातही शाळेत अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन गेलेल्या चिमुरड्यांच्या पालकांना फिर्याद नोंदवण्यासाठी तासन्‌तास ताटकळावं लागलं. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले, त्यात तो संतापही होता. पुढे आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला आणि लोकांनी पेढे वाटले. त्याच्यावरचा खटला तिथेच संपला. त्या मुलींच्या बाबतीत शाळेत नेमकं काय घडलं, त्याच्याविरुद्धचा पुरावा काय होता, हे न्यायालयात उलगडायचं राहूनच गेलं.

दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच सांगितलं आहे. बलात्काराची फिर्याद न नोंदवणाऱ्या पोलिसाला किमान सहा महिने सक्तमजुरीची तरतूद त्याच वर्षी कायद्यात आली, नव्या न्याय संहितेतही ती आहे. या कलमाखाली राज्यात आजवर किती पोलिसांवर गुन्हे दाखल झाले आणि कितींना शिक्षा झाली, हे गृहखात्याने जिल्हावार जाहीर करावं. आपल्या वार्ताहरांनीही हा प्रश्न गृहमंत्र्यांना विचारावा, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर