स्वस्तिक, युरेका ध्वज आणि कायदा: व्हिक्टोरियाच्या ॲटर्नी जनरल यांना खुले पत्र

माननीय ॲटर्नी जनरल,
सादर नमस्कार.

जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातील आपल्या व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्येकडील बेउला या लहानशा गावात एका घरावर नाझी ध्वज फडकला आणि तो उतरवायला लावण्याचा अधिकार पोलिसांकडे नसल्याचे उघड झाले. जून २०२२ मध्ये विधिमंडळाने नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनावर बंदी घातली. मेलबर्नमध्ये राहणारा एक मराठी माणूस म्हणून मी या कायद्याच्या बाजूने आहे. छळछावण्यांतून वाचलेले कितीतरी लोक महायुद्धानंतर याच शहरात येऊन राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत तो ध्वज मिरवणे हे निव्वळ मतप्रदर्शन आहे, असे मला कधीच पटलेले नाही.

कायद्यात 'हाकेनक्रॉइत्स' (नाझींच्या आकडेदार क्रुसाचे जर्मन नाव) हा शब्द योजून हिंदू, बौद्ध आणि जैन स्वस्तिकाला स्पष्ट सूट दिली आहे, याबद्दल मी कृतज्ञ आहे. तरीही गेल्या दिवाळीत माझ्या आईने दारात रांगोळीचे स्वस्तिक काढून चारही खणांत ठिपके दिले, वर हळदकुंकू वाहिले, आणि दुसऱ्याच दिवशी इमारतीच्या व्यवस्थापकांनी ते पुसायला सांगितले. कलम दाखवल्यावर त्यांनी सूचना मागे घेतली, पण तोवर आईने ओल्या फडक्याने सगळे पुसून काढले होते. पाडव्याला तिने नुसती फुले काढली.

बंदी कुठवर न्यावी, हा प्रश्न मला म्हणूनच महत्त्वाचा वाटतो. १५ सप्टेंबर १९३५ रोजी न्यूरेंबर्गमध्ये नाझी ध्वजाला एकमेव राष्ट्रध्वज ठरवणारा कायदा आणि ज्यूंचे नागरिकत्वाचे हक्क काढून घेणारा कायदा एकाच दिवशी संमत झाले. ज्यूंनी तो ध्वज लावू नये, असेही त्याच दिवशीच्या आणखी एका कायद्याने ठरवले. ज्या ध्वजाचा अर्थ त्याच्या राज्यकर्त्यांनीच असा लिहून ठेवला, त्याच्या अर्थाबद्दल वाद उरत नाही. व्हिक्टोरियातल्याच बॅलरॅटच्या खाणकामगारांनी १८५४ मध्ये उभारलेल्या युरेका ध्वजाचे तसे नाही. तो कामगार संघटनांच्या मोर्चांत असतो, आणि स्थलांतरितांना विरोध करणारे गटही तोच ध्वज घेऊन रस्त्यावर येतात. त्यांच्या हातात तो पाहिला की मला, एका स्थलांतरिताला, तो बोचतो. तरीही त्यावर बंदी यावी असे मी म्हणणार नाही, कारण बंदी घातली तर तो कायमचा त्यांचाच होऊन बसेल आणि हक्कांसाठी लढलेल्या माणसांची निशाणी आपण आपल्याच हाताने गमावू.

म्हणून माझी विनंती अशी, की बंदी घातलेल्या चिन्हांत एखाद्या नव्या ध्वजाची भर घालायची झाल्यास ती केवळ प्रशासकीय आदेशाने होऊ नये; त्यावर जाहीर सुनावणी आणि विधिमंडळात चर्चा व्हावी, आणि कला, शिक्षण व इतिहासलेखन यांना असलेली सूट अबाधित राहावी. स्वस्तिक आणि हाकेनक्रॉइत्स यांतला फरक चित्रांसह समजावणारे एक पत्रक पुढच्या दिवाळीआधी निवासी इमारतींच्या व्यवस्थापकांपर्यंत पोहोचवावे, ही दुसरी विनंती.

आपला नम्र,
मेलबर्नमधील एक मराठी रहिवासी