मित्रास पत्र : नव्या सर्व्हरवर कोणती फाइल सिस्टिम?

सांगली,
रविवार, रात्री

प्रिय अरुण,

सप्रेम नमस्कार.

गणपतीनंतर तुला पत्र नाही आणि तुझ्या निरोपांना उत्तरही नाही, याबद्दल तू मनातल्या मनात जे काही म्हटले असशील ते मी ऐकले असे समज. आईचे गुडघे दुखायचे तसे दुखत आहेत, माझी साखर डॉक्टरांच्या मते आटोक्यात आहे, बाकी घरचे ठीक. आता मूळ विषय. आमच्या सर्व्हरवर जे घडले आहे ते इथे ज्याला सांगावे तो 'मग डिस्क बदलून टाका की' एवढेच म्हणतो. ते ऐकून खुर्चीवरून उठेल असा माणूस माझ्या ओळखीत तू एकटाच आहेस, म्हणून हे लांबलचक पत्र.

संस्थेतल्या जुन्या मोडी दप्तराची पाने आम्ही स्कॅन करून ठेवतो, हे तुला माहीत आहे. परवा नानांनी एक पान उघडले, तर मधल्या एका ओळीपासून खाली सगळे राखाडी. मी दुपारी तेच पान उघडले तर ते स्वच्छ. नाना माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू मीच काही जादू केली आहे. संध्याकाळी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला आणि पान परत राखाडी. मग मी त्या फाइलचा शा-२५६ चेकसम, म्हणजे मजकुरावरून निघणारा ओळखीचा आकडा, काढला, पेज कॅशे, म्हणजे स्मृतीत साठलेली प्रत, रिकामा केला आणि चेकसम पुन्हा काढला. फाइल तीच, तारीख तीच, आकारही बाइटचा फरक नसलेला, पण दोन्ही वेळची उत्तरे वेगळी. त्या क्षणी तुला फोन करणार होतो, पण रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि वहिनींचा स्वभाव मला ठाऊक आहे.

पुढचे तू ओळखलेच असशील. दोन डिस्कचा एमडी मिरर, म्हणजे लिनक्स दोन्ही डिस्कवर तेच लिहिते, आणि वर ईएक्सटी-४ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत. वाचताना मिरर ज्या डिस्कचे हेड जवळ असेल किंवा जी मोकळी असेल तिच्याकडून वाचतो. एका डिस्कवर तो ब्लॉक बरोबर आहे, दुसरीवर बिघडलेला आहे आणि दोन्ही डिस्क 'वाचन यशस्वी' असे शांतपणे सांगत आहेत. एमडीला तपासणी करायला लावली तर विसंगतीचा आकडा शून्य आला नाही. मिररवर स्वॅप (स्मृती कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) असेल तरी तो आकडा शून्य नसतो, असे तू लगेच म्हणशील, पण या मिररवर स्वॅप नाही, मी पाहिले आहे. तपासणीऐवजी दुरुस्तीची आज्ञा दिली असती, तर एमडीने कोणती तरी एक प्रत खरी मानून दुसरीवर उतरवली असती. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत, तर न्यायाधीशाने जो आधी उभा राहिला त्याचे खरे धरावे, असा हा न्याय आहे. मी मिररचे दोन्ही भाग वेगळे करून, फक्त वाचण्यापुरते जोडून, पानन् पान ताडून पाहिले. बिघडलेली पाने थोडीच निघाली आणि त्या सगळ्यांची चांगली प्रत सुदैवाने दुसऱ्या डिस्कवर मिळाली. बॅकअपमध्ये मात्र बिघडलेलीच होती. एरवी बॅकअप उतरवणारे आरसिंक आकार आणि तारीख बदलली नसेल तर फाइलला हात लावत नाही, त्यामुळे जुन्या बॅकअपमधली प्रत वाचली असती. पण बॅकअपची डिस्क मध्यंतरी बदलली, नवीवर सगळे मुळापासून उतरवले गेले आणि जुनी डिस्क कार्यालयाने भंगारात घातली. त्या भंगाराचे किती रुपये आले हे मी विचारले नाही.

आता नवा सर्व्हर येतो आहे, आणि त्यावर कोणती फाइल सिस्टिम घालायची हे मला बुधवारपर्यंत लिहून द्यायचे आहे. कार्यकारिणीतल्या एकांनी कुठून तरी वेगाचे आलेख आणून दिले आहेत, त्यांत ईएक्सटी-४, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि झेडएफएस या चार फाइल सिस्टिमचे चार रंगांचे खांब आहेत आणि एक्सएफएसचा सर्वांत उंच आहे. मी त्यांना नम्रपणे सांगितले, की आपल्या कार्यालयातली तार गिगाबिटची आहे, तिच्यातून सेकंदाला १२५ मेगाबाइटपेक्षा अधिक काही जाऊच शकत नाही, आणि एवढे तर मोठ्या फाइली वाचताना चौघीही आरामात देतात. वेगाची तुलना निरर्थक आहे असे मी म्हणत नाही. पण आमचा प्रश्न पान किती लवकर उघडते हा नसून, उघडलेले पान खरे आहे की नाही हे कोण सांगणार, हा आहे.

त्या कसोटीवर ईएक्सटी-४ आणि एक्सएफएस दोघेही एकाच बाकावर बसतात, हे मान्य करताना मला थोडा त्रास होतो, कारण ईएक्सटी-४ ने माझी आयुष्यभर सोबत केली आहे. २००८ च्या डिसेंबरात ती लिनक्सच्या २.६.२८ कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, स्थिर म्हणून आली, तेव्हापासून मी तिच्यावरच काम करतो. आता तिच्यात मेटाडेटाला चेकसम असतो, एक्सएफएसच्या पाचव्या आवृत्तीतही असतो. म्हणजे फाइलचे नाव, आकार, ती डिस्कवर कुठे आहे, या नोंदी तपासल्या जातात. फाइलच्या आतला मजकूर मात्र दोघीही डिस्कच्या शब्दावर सोडून देतात. जर्नलचेही, म्हणजे बदल करण्याआधी ते टिपून ठेवणाऱ्या वहीचेही, तेच. वीज गेल्यावर नोंदींचा मेळ राखणे हे त्याचे काम आहे, आणि भारनियमनाच्या काळात जर्नल नसलेल्या ईएक्सटी-२ ची एफएससीके ही तपासणी संपण्याची वाट पाहत आपण जो चहा ढोसला आहे, तो आठवला की जर्नलविषयी मी वावगा शब्द काढणार नाही. पण वर्षानुवर्षे पडून असलेल्या फाइलमधला एखादा ब्लॉक आपोआप बिघडला, तर जर्नलचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.

ईएक्सटी-४ विषयी आणखी एक जुनी तक्रार आहेच. प्रत्येक पानाची दोन-तीन किलोबाइटची लघुप्रतिमा आम्ही बनवू लागलो, आणि एके दिवशी सर्व्हर म्हणाला की जागा संपली. डीएफ ही मोकळी जागा दाखवणारी आज्ञा पाहावी तर जागा ढीगभर. डीएफला इनोड, म्हणजे प्रत्येक फाइलमागे लागणारी एकेक नोंद, विचारले तेव्हा शंभर टक्के वापरलेले. फॉरमॅट करतानाच ती साधारण १६ किलोबाइटमागे एक इनोड असे ठरवून टाकते आणि तो आकडा नंतर वाढवता येत नाही. एक्सएफएस इनोड लागतील तसे देते, तिथे हा घोळ होत नाही. शिवाय रूटसाठी, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य वापरकर्त्यासाठी, राखलेली पाच टक्के जागा, म्हणजे ८ टीबीच्या डिस्कवर ४०० जीबी नुसती राखीव. ती ट्यून-टू-एफएस या आज्ञेने सोडवता येते, पण ते लक्षात असलेला माणूस हवा.

एक्सएफएसचे नाव काढले की तू छाती फुगवणार, म्हणून आधीच सांगतो. सिलिकॉन ग्राफिक्सने १९९३ च्या सुमारास आपल्या आयरिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी बनवलेली ती उत्तम चीज आहे, मोठ्या फाइली आणि समांतर लिखाण यांत तिला तोड नाही, आणि रेड हॅटने २०१४ मध्ये आपल्या लिनक्सच्या सातव्या आवृत्तीपासून तिला मुख्य केले ते उगाच नव्हे. पण ती वाढवता येते आणि लहान करता येत नाही, हे मी तुला त्या वेळी सांगितले होते आणि तू 'लहान कोण करणार' असे म्हणाला होतास. नंतर महिनाभर कोणाच्या डिस्कवर कोणाचे सामान उतरवून ठेवले होते, ते विनूला विचार. आणि रायझरएफएसचे तर मी काही बोलतच नाही. लहान फाइलींच्या शेपट्या एकत्र बांधण्याच्या ज्या युक्तीवर तू वसतिगृहात रात्र रात्र व्याख्याने दिलीस, ती सगळी फाइल सिस्टिम लिनक्सच्या ६.१३ कर्नलमधून काढून टाकली. बातमी वाचली त्या दिवशी मी एकट्याने भडंग खाऊन सुतक पाळले.

उरल्या दोन. बीटीआरएफएस आणि झेडएफएस दोघीही मजकुराच्या प्रत्येक ब्लॉकचा चेकसम ठेवतात, वाचताना ताडून पाहतात, आणि मिरर असेल तर खोटी प्रत ओळखून खऱ्या प्रतीवरून ती दुरुस्त करतात. नानांचे पान त्यांच्यावर असते तर ते कधीच राखाडी दिसले नसते, आणि कोणत्या डिस्कने दगा दिला याची नोंद मला मिळाली असती. दोघी जुने ब्लॉक न पुसता नवे लिहितात, त्यामुळे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, जवळजवळ फुकट मिळतो. डेटाबेसला मात्र ही पद्धत फारशी मानवत नाही. बीटीआरएफएसवर त्याच्या फाइलींचे तुकडे तुकडे होतात, आणि ते टाळायला त्या फाइलींपुरते हे वर्तन बंद केले तर त्यांचा चेकसमही जातो. झेडएफएसवर रेकॉर्डचा आकार मूळच्या १२८ किलोबाइटवरून डेटाबेसच्या पानाएवढा, म्हणजे मायएसक्यूएलच्या इनोडीबीसाठी १६ किलोबाइट, करून भागते. आमचा डेटाबेस म्हणजे पानांची सूची, ती एवढीशी आहे की तिच्यासाठी मी झोप घालवणार नाही.

बीटीआरएफएसचा मोठा फायदा असा, की २००९ पासून ती कर्नलच्या आतच आहे, बाहेरून काही आणावे लागत नाही. पण तिची रेड-५ आणि रेड-६ (अनेक डिस्कवर मजकूर वाटून ठेवण्याच्या रचना) अजूनही भरवशाची नाहीत. ते सोड, आम्हाला मिररच पुरे आहे. मला खटकते ते निराळेच. मिररमधली एक डिस्क पूर्ण गेली आणि सर्व्हर पुन्हा चालू झाला, तर 'डिग्रेडेड' असे स्पष्ट सांगितल्याशिवाय ती माउंट होत नाही, म्हणजे वापरायला उघडत नाही. तत्त्व म्हणून ठीक असेल, पण पावसाळ्यात वीज येते-जाते, डिस्क त्याच वेळी मरतात, आणि मी गावात असेनच असे नाही. शिवाय लिनक्स देणाऱ्यांचेही एकमत नाही. सुझेने २०१४ मध्ये सर्व्हरच्या मूळ विभाजनासाठी तिला मुख्य केले, फेडोराने २०२० मध्ये डेस्कटॉपवर आणले, तर रेड हॅटने आठव्या आवृत्तीतून ती काढूनच टाकली. म्हणजे फाइल सिस्टिम निवडली की ऑपरेटिंग सिस्टिमही निवडल्यासारखीच.

झेडएफएसकडे माझा कल आहे, आणि माझी खरी चिंताही तिथेच आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्मलेली, २००५ मध्ये ओपनसोलारिसबरोबर खुली झालेली, इतकी वर्षे घासूनपुसून निघालेली. पूल (एकत्र बांधलेल्या डिस्क), मिरर, स्क्रब (सगळे ब्लॉक वाचून ताडणे), सगळ्या आज्ञा वाचल्या तरी अर्थ कळेल अशा. स्मृती भरपूर खाते ही तक्रार खरी आहे, पण कॅशेची मर्यादा घालून देता येते. अडचण परवान्याची. तिचा सीडीडीएल आणि कर्नलचा जीपीएल यांचे जमत नाही, म्हणून ती कर्नलच्या बाहेर राहते. रेड हॅटच्या घराण्यात कर्नल बदलला की तिचे मॉड्यूल, म्हणजे कर्नलला जोडायचा भाग, सहसा डीकेएमएस या साधनाने पुन्हा बांधावे लागते, आणि ते बांधले गेले नाही तर सर्व्हर चालू होतो पण पूल दिसत नाही. उबुंटू १६.०४ पासून ते तयार देते, म्हणून मी उबुंटूची दीर्घ आधाराची आवृत्ती घालून, सिस्टिमपुरते ईएक्सटी-४ आणि पानांसाठी झेडएफएसचा मिरर असे लिहून देण्याच्या विचारात आहे.

पण माझ्यानंतर कोण? माझी निवृत्ती काही उद्यावर नाही, तरी ती दिसू लागली आहे. विनूचा पुतण्या आमच्याकडे कंत्राटावर आहे, मुलगा हुशार आणि कष्टाळू आहे, पण त्याने पाहिले आहे ते ईएक्सटी-४. ती बिघडली तर सांगलीत, मिरजेत कोणीही हाताशी मिळेल. झेडएफएसचा पूल अडला तर तो कोणाकडे जाणार? आणि याहून वाईट म्हणजे, स्क्रबने दर महिन्याला अहवाल दिला, त्यात चेकसमच्या चुका वाढताना दिसल्या, आणि तो ईमेल कोणी उघडलाच नाही, तर ईएक्सटी-४ वर राहून आम्ही काय गमावले असते? तू म्हणशील, एक्सएफएसच्या खाली एमडी आणि त्याच्याही खाली डीएम-इंटेग्रिटी, म्हणजे ब्लॉकला चेकसम जोडणारा थर, घाल, सगळे कर्नलमधले, परवान्याची कटकट नाही. मी विचार केला. डीएम-इंटेग्रिटीच्या जर्नलमुळे लिखाण बरेच मंदावते, ते एक वेळ चालेल, पण एवढे थर त्या मुलाला समजावण्यापेक्षा झेडएफएसच्या दोन आज्ञा समजावणे मला सोपे वाटते. यावर तुझे मत हवे आहे, आणि आवाज चढवून दिलेस तरी चालेल.

दुसरे एक काम आहे. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले, तेव्हा आमचा सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही वरच्या मजल्यावर नेऊन वाचले. पण एक प्रत सांगलीबाहेर हवी, हे तेव्हापासून नुसते ठरतेच आहे. झेडएफएस असेल तर लाखो फाइली पुन्हा ताडत बसावे लागत नाही. दोन स्नॅपशॉटांमधला फरक तेवढा पाठवता येतो, आणि झेडएफएसचा मूळ पूल कूटबद्ध असेल तर तो तसाच, घेणाऱ्याला किल्ली न देताही पाठवता येतो. कृष्णेचे पाणी तुम्ही सातारकर दरवर्षी आमच्याकडे पाठवताच, तर आमची पाने तुमच्याकडे ठेवून घ्यायला हरकत नसावी. त्यासाठी तुझ्या माडीवरच्या त्या संगणकाच्या डब्यावर तुला झेडएफएस घालावी लागेल. तोंड वाकडे करू नकोस.

चिन्मयीला हवा तिथे प्रवेश मिळाला का? घराचे रंगकाम झाले असेलच. वहिनींना आणि काकांना माझा नमस्कार सांग. तुझ्या पाठीचे काय झाले तेही लिही.

माझा मसुदा सोबत जोडला आहे. बुधवारी सकाळी अकराला बैठक आहे, तेव्हा मंगळवारी रात्रीपर्यंत त्यावर तांबड्या अक्षरांत जे काही लिहायचे ते लिहून पाठव, आणि डब्यात स्मृती किती आहे तेही कळव.

लोभ असावा ही विनंती.

तुझा,
श्रीधर