शेनयांगहून पत्र : आप्पांची पेटी भंगारात घालू नकोस

॥ श्री अंबाबाई प्रसन्न ॥

शेनयांग,
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

ती. आप्पा आणि ती. सौ. आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, घट बसायच्या आधी दसरा काढताना माळा रिकामा केला आणि आप्पांची फौंड्रीतल्या हत्यारांची ती पत्र्याची पेटी भंगारवाल्यासाठी दारात काढून ठेवली. मी घाईत एवढंच म्हणाले, "देऊ नकोस." मागून आप्पांचा आवाज आला, "गंजलेल्या थाप्या न् रॅमर घेऊन काय करतीस?" फोनवर दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून आज सुटी बघून लिहायला बसले. पत्र पोस्टात टाकतेच आहे, पण कधी पोचेल त्याचा नेम नाही. पानांचे फोटो दादाला ईमेल करते. त्यानं आप्पांना मोठ्यानं वाचून दाखवावं.

आप्पा, तुमचा आणखी एक प्रश्न दीड वर्षापासून उधार आहे. "तुझ्या त्या गावात कारखान्यांशिवाय बघायला काय हाय?" दोन्हींचं उत्तर एकच आहे, पण तिथवर यायला थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

शेनयांग म्हणजे शेन नदीच्या उत्तर काठचं गाव. आता नव्वद लाखांच्या घरात वस्ती आहे, ईशान्य चीनमधल्या ल्याओनिंग प्रांताची राजधानी आहे. पण चारशे वर्षांपूर्वी ही मांचू लोकांची राजधानी होती. १६२५ मध्ये नुरहाची या त्यांच्या सरदारानं राजधानी इथं आणली आणि राजवाडा बांधायला घेतला. त्याचा मुलगा होंग ताइजी यानं १६३६ मध्ये इथूनच छिंग राजवंशाची द्वाही फिरवली. पुढं १६४४ मध्ये त्यांनी बीजिंग घेतलं आणि १९१२ पर्यंत सगळ्या चीनवर राज्य केलं. मांचू भाषेत या शहराचं नाव मुकदेन.

तो राजवाडा अजून उभा आहे. बीजिंगच्या राजवाड्यापुढं लहान, तीनशेच्या वर खोल्या, पण मला हाच जास्त आवडतो, कारण यात घोड्यावर बसणाऱ्या माणसांचं घर दिसतं. दरबाराची इमारत अष्टकोनी, तंबूसारखी, आणि तिच्यापुढं दोन्ही बाजूंना पाच-पाच छोटे मंडप. सैन्याच्या आठ निशाणांचे सरदार आणि दोन बाजूंचे दोन राजे तिथं बसायचे. छावणी उठून वाड्यात आली आणि तिनं आपली मांडणी तशीच ठेवली, असं वाटतं. राणीवशाच्या खोल्यांत विटांचा मोठा ओटा असतो, त्याला कांग म्हणतात. चुलीचा धूर त्याच्या पोटातून फिरवून बाहेर काढतात, की वर झोपणाऱ्याला रात्रभर ऊब. जानेवारीत इथं उणे वीसच्या खाली पारा जातो, तेव्हा त्या ओट्याची किंमत कळते.

आई, आज सर्वपित्री. तू सकाळी गच्चीवर पान ठेवून कावळ्याची वाट बघत उभी राहिली असशील. तुला सांगायचं म्हणजे, याच वाड्यातल्या एका चौकात एक उंच खांब आहे आणि त्याच्या टोकाला वाडग्यासारखं भांडं. मांचू लोक त्यात धान्य आणि बळीचं मांस ठेवायचे, कावळ्यांसाठी. शत्रू पाठलागावर असताना नुरहाची लपला, तेव्हा कावळ्यांनी त्याच्यावर बसून त्याला झाकलं, शत्रूला वाटलं इथं कुणी जिवंत माणूस नाही आणि तो पुढं निघून गेला, अशी त्यांची कथा आहे. त्या खांबाखाली उभी राहिले तेव्हा आज्जीची आठवण आली. तिच्या पानाला कावळा कधी उशीर करत नसे.

नुरहाचीची समाधी शहराच्या पूर्वेला आहे, वर चढायला १०८ पायऱ्या. होंग ताइजीची उत्तरेला, तिच्याभोवती मोठी बाग. पहाटे तिथं म्हातारी माणसं नाचतात, पतंग उडवतात, आणि थंडीत तळं गोठलं की त्यावर घसरतात. राजवाडा आणि या दोन्ही समाध्या २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. फोटो मागेच पाठवलेत, त्यामुळं त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता रेल्वेकडं येते. या शहराचं सगळं बरं-वाईट रेल्वेनं आणलं. आधी रशियन आले, मग १९०५ मध्ये याच शहराभोवतीच्या मोठ्या लढाईत जपान्यांनी त्यांना हरवलं आणि रूळ जपानकडं गेले. चांग झोलिन नावाचा सेनापती इथला धनी होता. जपानी सैन्यानं १९२८ च्या जूनमध्ये त्याची आगगाडी शहराजवळ बॉम्बनं उडवली, त्यात तो गेला. त्याचा वाडा बघता येतो. त्याच्या मुलानं, चांग शुएल्यांगनं, १९३६ मध्ये चीनचा तेव्हाचा सत्ताधीश च्यांग कै-शेक याला शिआनमध्ये धरून ठेवलं आणि जपानविरुद्ध एकजूट करायला भाग पाडलं. त्यापायी त्याला कितीतरी वर्षं नजरकैदेत काढावी लागली. शंभर वर्षं जगला, २००१ मध्ये हवाईत गेला, पण आपल्या या गावी त्याला परत येता आलं नाही.

१८ सप्टेंबर १९३१ च्या रात्री जपानी सैन्यानं स्वतःच राखत असलेल्या रुळांवर शहराबाहेर छोटा स्फोट केला. इतका छोटा, की थोड्या वेळानं त्याच रुळांवरून गाडी गेली. आळ चिन्यांवर घातला आणि सकाळपर्यंत शहर ताब्यात घेतलं. तिथं आता संग्रहालय आहे. दारात दगडी कॅलेंडर आहे, इमारतीएवढं, त्याच तारखेवर उघडलेलं, अंगभर गोळ्यांच्या खुणा कोरलेलं. पुढं १४ वर्षं जपान्यांचं राज्य होतं. त्या काळात भात जपान्यांसाठी राखून ठेवलेला असायचा, चिनी माणसानं भात खाल्ला तर तो गुन्हा धरत. मग माणसं काय खायची? गाओल्यांग. गाओल्यांग म्हणजे आपली ज्वारी, आई. इथं अजून शेतं आहेत, पण आता बहुतेक दारूसाठी. मी बाजारातून पीठ आणून भाकरी थापली, दोनदा तुटली, तिसऱ्यांदा जमली.

परवा गुरुवारी १८ तारीख होती. सकाळी ९ वाजून १८ मिनिटांनी सगळ्या शहरात भोंगा झाला. दर वर्षी होतो, तीन मिनिटं. मी बस स्टॉपवर होते. रस्त्यावरच्या गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि सगळ्यांनी हॉर्न दाबून धरले. माझ्या शेजारी भाजीची पिशवी घेतलेली एक बाई होती, तिनं पिशवी खाली ठेवली आणि हात सोडून सरळ उभी राहिली. त्या संग्रहालयात त्याच वेळी १४ वर्षांसाठी १४ वेळा घंटा वाजवतात. आणि मला, आप्पा, एकदम कोल्हापुरात राजारामपुरीतली आपली खोली आठवली. शाहू मिलचा भोंगा झाला की तुम्ही फौंड्रीत जायला डबा घेऊन सायकल काढायचात. भोंगा म्हणजे कामाला चला, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. इथं भोंगा झाला की सगळे हातातलं काम थांबवतात.

शहराच्या पश्चिमेला थ्येशी नावाचा भाग आहे, म्हणजे रुळांच्या पश्चिमेचा. त्यातलं पहिलं अक्षर लोखंडाचं. राजवाड्याजवळून मेट्रोच्या १ नंबरच्या लाइननं तासाच्या आत तिथं पोचतो, आणि स्टेशनांची नावं तर ऐका : उद्योग-रक्षण, उद्योग-आरंभ, अवजड उद्योग. ही रस्त्यांची खरी नावं आहेत! जपान्यांनी तिथं कारखाने उभे केले. १९४९ नंतर, आणि १९५३ च्या पहिल्या पंचवार्षिक योजनेत रशियन मदतीनं, तिथं लेथ, ट्रान्सफॉर्मर, पंप, केबल, ओतकाम, सगळं व्हायला लागलं. बीजिंगच्या तिआनआनमेन दरवाजावरचं पहिलं धातूचं राष्ट्रचिन्ह इथल्याच मशीन टूल कारखान्यात ओतलं. या भागाला लोक देशाचा थोरला मुलगा म्हणायचे. थोरल्यानं राबायचं आणि कमाई घरात द्यायची, तसं झालं.

मग दिवस फिरले. ऑगस्ट १९८६ मध्ये याच शहरातला एक कारखाना दिवाळखोर जाहीर झाला, नव्या चीनमधला तो पहिला. नव्वदच्या दशकात तर रांगच लागली. कामावरून कमी करण्याला इथं 'शिआगांग' म्हणतात, म्हणजे आपल्या जागेवरून खाली उतरणं. ज्या थोरल्या मुलाच्या जिवावर घर उभं राहिलं, त्यालाच उतरायला सांगितलं. हे वाचताना तुम्हाला काय वाटेल ते मला माहीत आहे. शिरोलीतली तुमची फौंड्री बंद झाली तेव्हा मी दहावीत होते. एकतीस वर्षांच्या हिशोबाचे पैसे अर्धेच हातात आले आणि तुम्ही त्याबद्दल घरात एक शब्द काढला नाहीत. फक्त ती पेटी माळ्यावर ठेवलीत.

२००२ नंतर थ्येशीतले कारखाने शहराबाहेर पश्चिमेला हलवले, मोकळ्या जमिनी विकल्या. आज तिथं उंच इमारती आहेत, मॉल आहेत. सगळंच गेलं असतं. पण एक ओतकामाचा कारखाना, एके काळी आशियातला फार मोठा, त्यांनी पाडला नाही. २००७ मध्ये तिथली भट्टी थांबली आणि २०१२ मध्ये त्याच शेडमध्ये चीनचं औद्योगिक संग्रहालय उघडलं.

मी तिथं चार वेळा गेले, आप्पा. चारही वेळा तुम्ही बरोबर असायला हवे होतात. दारातून आत गेलं की आधी वास येतो. इतक्या वर्षांनीही जळलेल्या वाळूचा आणि तेलाचा वास भिंतींतून गेलेला नाही. तुमच्या खाकी शर्टाला यायचा, तोच. वर क्रेनचे रूळ, लोखंड वितळवायचा क्युपोला जागच्या जागी, वितळलेला धातू ओतायचे लॅडल तर माणूस आत उभा राहील एवढे. एका लॅडलच्या ओठावर शेवटच्या धातूचा थर तसाच चिकटलेला आहे, फुगून फुटलेल्या दुधाच्या सायीसारखा. मी हात लावून बघितला.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा तिथं सत्तरीचे एक गृहस्थ होते, नातवाला घेऊन आलेले. इथं कसबी कामगाराला 'शिफू' म्हणतात, आपल्याकडं मिस्त्री म्हणतात तसं, मानानं. फोनवरच्या भाषांतरातून आमचं बोलणं चाललं होतं. त्यांनी त्याच शेडमध्ये मोल्डिंग, म्हणजे ओतकामासाठी वाळूचे साचे करायचं काम, केलेलं, १९९८ ला शिआगांग झाले, मग सायकल दुरुस्तीची टपरी टाकली. मी सांगितलं, माझे वडीलही मोल्डर. फोननं काय भाषांतर केलं कोण जाणे, त्यांना कळेना. मग मी हवेतच वाळूची मूठ उचलली, आवळली, उघडली आणि दोन्ही अंगठ्यांनी मधून मोडली, तुम्ही ओल बघायला करायचात तशी. ते थांबले. त्यांनी फोन खिशात ठेवला आणि तेच केलं. मूठ आवळली, उघडली, मोडली, आणि मोडलेल्या कडेकडं बोट दाखवून मान हलवली. कड स्वच्छ आली, वाळू बरोबर आहे. नंतर नातवाला जवळ घेऊन त्याच्या मुठीत मूठ धरून त्याला शिकवलं. तिथं वाळू नव्हतीच, आप्पा, पण तिघांनाही ती दिसत होती.

पुढच्या काचेच्या कपाटात मोल्डरची हत्यारं मांडली आहेत. थापी, चमचा, साच्याला हवा जायची भोकं (व्हेंट) मारायची तार, वाळू ठोकायचा रॅमर. लाकडी मुठी घामानं काळ्या झालेल्या. खाली लहान पाटी, वर दिवा. शाळेची मुलं रांगेनं येऊन बघतात आणि बाई त्यांना समजावून सांगतात. आपली पेटी भंगारात का द्यायची नाही, ते मला त्या कपाटापुढं कळलं.

तिथून जवळच कामगार वसाहत आहे, १९५२ साली बांधलेली, तीन मजली लाल विटांची. काही घरं तेव्हाच्या सामानासकट जपली आहेत : एक पलंग, एक शिलाई मशीन, एनॅमलचा मग. तेव्हा वर-खाली मजले, वीज आणि टेलिफोन असलेलं घर हे सगळ्यांचं स्वप्न होतं. संध्याकाळी त्या भागात कोंबडीचा नुसता सापळा तिखट लावून भाजतात, त्याला जीजिआ म्हणतात. मांस परवडत नव्हतं त्या दिवसांत कामगारांनी हेच खाल्लं, आणि आता सगळं शहर आवडीनं खातं. आप्पा, तुम्हाला झणझणीत आवडेल.

आता तुम्ही दोघं मे महिन्यात याच. थंडी संपलेली असते, झाडं फुललेली असतात. आईला राजवाड्यातला कावळ्याचा खांब दाखवायचा आहे आणि आप्पांना ती शेड. व्हिसाचे कागद मी बघते.

त्या शिफूंची आणि माझी अजून अधूनमधून भेट होते. त्यांनी विचारलं आहे की तुमची थापी कसल्या आकाराची आहे, बदामी की चौकोनी. मला आठवेना. तेव्हा पेटी आत घ्या, हत्यारं रॉकेलनं पुसा आणि खंडेनवमीला पाटावर मांडून झेंडू वाहा. त्याचा एक फोटो दादाला काढायला सांगा, थापी नीट दिसेल असा.

दादा-वहिनींना नमस्कार, चिंटूला गोड पापा. आई, गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
माई