स्थापनादिनाच्या व्याख्यानात पाणी कुठे होते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२८ मे हा आमच्या नगरचा स्थापनादिन. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण तोंडी पूर्वीही नुसतेच 'नगर' होते आणि अजूनही आहे.) त्यानिमित्त आमच्या भागातल्या वाचनालयात शहराच्या इतिहासावर व्याख्यान झाले. मे महिन्याचा उकाडा, दोन पंखे, त्यातला एक नुसता आवाज करणारा, आणि तरी सत्तरएक माणसे दीड तास जागची हलली नाहीत. वक्त्यांचे आणि वाचनालयाचे मनापासून अभिनंदन.

वक्त्यांचे विशेष कौतुक एका गोष्टीसाठी. २८ मे १४९० रोजी निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमदने भिंगारजवळ बहमनी फौज मोडली. सीना नदीच्या काठी शहर वसवायला त्याने घेतले ते १४९४ मध्ये. म्हणजे आपण शहराचा वाढदिवस म्हणून साजरा करतो तो दिवस खरा लढाई जिंकल्याचा. समारंभाच्या दिवशीच हे सांगायला धाडस लागते. पहिल्या रांगेत थोडी चुळबूळ झाली, पण ऐकून घेतले सगळ्यांनी.

पुढे मात्र गाडी नेहमीच्या वाटेने गेली. शहराची बगदाद आणि कैरोशी बरोबरी झाली, चांदबिबीने किल्ला लढवला, भिंगारला औरंगजेबाने प्राण सोडला, बेचाळीसच्या नेत्यांना किल्ल्यात डांबले. हे सगळे हवेच. पण एवढे मोठे शहर, तेही आपल्या अवर्षणप्रवण मुलखात, पीत काय होते? सीनेच्या भरवशावर कोणी राजधानी वसवत नाही. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरे क्रिकेट खेळतात.

उत्तर पायाखालीच आहे. कापूरवाडी, भिंगार अशा आसपासच्या गावांतून जमिनीखालून खापरी नळांनी पाणी शहरात आणले होते. पंप नाही, वीज नाही. सगळा खेळ उताराचा. भाजक्या मातीची नळकांडी एकात एक बसवून मैलोन् मैल नेमका उतार धरायचा, हे काम किल्ल्याचा बुरूज बांधण्याइतकेच अवघड. तळ्याच्या मधोमध उभा असलेला फराहबागेचा महालही असल्या पाण्यावरच शोभत होता. व्याख्यानात या सगळ्याला मिळाली जेमतेम दोन मिनिटे.

जवळच्या भातोडी गावचेच बघा. १६२४ च्या लढाईत निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही फौजांना कसे लोळवले, शहाजीराजे कसे लढले, त्यांचे भाऊ शरीफजी कसे पडले, हे वक्त्यांनी फार रंगवून सांगितले. पण अंबरने तिथल्या तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी चिखलात रुतवली, तो तलाव आला कुठून? तो बांधला मूर्तझा निजामशहाचा वजीर सलाबतखान याने. याच सलाबतखानाच्या अष्टकोनी कबरीला आपण 'चांदबिबीचा महाल' म्हणतो आणि रविवारी डबे घेऊन तिथे जातो. ज्याने तळे बांधले त्याची कबरसुद्धा आपण दुसऱ्याच्या नावावर चढवून ठेवली.

आमच्या गल्लीत मुळा धरणाचे पाणी दिवसाआड येते, म्हणून कदाचित मला हे जास्त टोचले असेल. सभेनंतर चहाच्या टेबलाशी विषय काढला, तर तिघे-चौघे लगेच बोलू लागले. एकाच्या वाड्यात हौद होता, एकाच्या आजीला नळ वाहताना ऐकू यायचा म्हणे. हे कोणीच टिपून घेतले नाही. माळीवाडा, नालेगाव, झेंडीगेट या भागांतले असे सांगणारे आता सत्तरी-पंच्याहत्तरीचे आहेत.

तेव्हा वाचनालयाला विनंती, की पुढच्या २८ मे रोजी व्याख्यान याच विषयावर ठेवावे. सकाळी उन्हाच्या आत कापूरवाडीकडून शहराकडे चालत यावे आणि संध्याकाळी खुर्च्या मांडाव्यात. तोवर एक जाड वही काउंटरवर ठेवावी. ज्याला आपल्या वाड्यातला नळ, हौद, कारंजे आठवत असेल त्याने जागेसकट लिहावे. खर्च वहीपुरताच.

आमच्या जुन्या घराचा पाया खणताना अशी दोन नळकांडी निघाली होती. त्यातले एक मी वाचनालयाच्या काचेच्या कपाटासाठी कधीही आणून द्यायला तयार आहे. दुसऱ्यात आई खराटा उभा करून ठेवते, त्यामुळे ते मिळायला थोडा वेळ लागेल.

आपला,
एक नियमित वाचक, नगर