अंगठीच्या आत काय कोरायचं

मडगाव

प्रिय श्रीधर,
सप्रेम नमस्कार.

साखरपुड्याच्या अंगठ्यांवर आतून नावं घालायची ठरवलीत, छान. पण सोनारशेटला नाव सांगण्याआधी बोटांची मापं पक्की करा. तीही संध्याकाळी; आपल्याकडच्या उकाड्यात बोटं फुगतात आणि सकाळी सैल वाटलेली अंगठी रात्री निघत नाही. माप चुकलं तर अंगठी तळाशी कापून तुकडा जोडावा लागतो, आणि त्या जागी अक्षर असलं तर ते गेलंच. ताणून वाढवली तर अक्षरं फताडी होतात. म्हणून आधी माप, मग हॉलमार्क, कोरणं अगदी शेवटी.

जागेचा हिशेब कर. आपल्याकडचा अंगठीचा नंबर म्हणजे मिमीतल्या आतल्या घेरातून ४० वजा, म्हणजे १४ नंबरचा घेर ५४ मिमी. त्यात बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, आधीच बसलेला असतो. त्याला हात लावू देऊ नकोस. घासला गेला तर शुद्धतेचा पुरावाच गेला. तळाचा भागही मोकळा ठेव, पुढेमागे माप बदललं तर कापायला तीच जागा. उरल्या जागेत बारा-पंधरा अक्षरं ऐसपैस बसतात.

देवनागरीची खरी अडचण उंचीची. 'श्रुती' हेच नाव घे: मध्ये श्र, खाली उकार, वर वेलांटी, म्हणजे तीन मजले. अडीच मिमी रुंदीच्या वळ्यात कडा सोडून ते बसवायचं म्हटलं की मूळ अक्षराला जेमतेम एक मिमी उरतो. त्यापेक्षा नुसतं 'श्रु' घाला, मोठं आणि ठसठशीत. आकडेही जपून, एवढ्या बारीक मापात पॉलिशनंतर १ आणि ९ सारखेच दिसतात.

लेझरवाल्याकडे दुसरीच गंमत. त्याच्या संगणकात मराठी नीट उमटत नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे जाते नि जोडाक्षराचा पाय मोडून पडतो. मजकूर टाइप करून पाठवू नकोस, चित्र म्हणून दे, आणि कोरण्याआधी कागदावर मोठं छापून वाचून घे. लेझरचा नुसता काळा डाग नको, खोल खाच माग. वरवरचा डाग पहिल्या पॉलिशला जातो. हाताने कोरणारा कारागीर मिळाला तर माझं मत त्यालाच, कारण त्याच्या खाचेच्या कडेवर उजेड खेळतो. पोकळ किंवा फार पातळ अंगठी मात्र त्याच्याकडे नेऊ नकोस, दाबाने वाकते. पांढरं सोनं असेल तर आधी कोरायचं, मग रोडियम या पांढऱ्या धातूचा थर. उलट केलं तर खाचेतून पिवळट धातू दिसतो.

आता तारीख. गोव्यात लग्नाची नोंदणी दोन सह्यांची, दोन वेगळ्या दिवशी, शिवाय मांडवातला मुहूर्त वेगळा, मग भांडणं यावरच. माझं ऐकशील तर मुहूर्ताची घाला. नोंदणीची कागदावर असतेच.

खाचांत साबण, सनस्क्रीन साचतं. कोमट पाणी, साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश पुरे.

दोघांची अक्षरं तुमच्याच हस्ताक्षरात कागदावर लिहून धाड. ५४ मिमीच्या पट्टीवर मांडून बघतो नि कळवतो.

तुझा,
विनय